पोत्यावरचं नाव

बुधवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी तुरिनीने बदकांच्या कुंपणाचं दार उघडलं, तेव्हा अकरा बदकं मेलेली होती. बाकीची नेहमीसारखी दाराकडे धावून आली नाहीत. ती पाण्याच्या पन्हळीभोवती गर्दी करून चोची बुडवत होती, मान झटकत होती आणि पुन्हा चोची बुडवत होती. पन्हळ कोरडी पडायला आली होती. आदल्या संध्याकाळी ती काठोकाठ भरून ठेवलेली होती.

तिने आधी अंडी गोळा केली. सवयच तशी होती. मेलेल्यांकडे नंतर बघायचं. तुसाच्या गादीवर त्रेसष्ट अंडी मिळाली. आदल्या दिवशी एकशे चाळीस होती.

तुरिनीकडे दोनशे चाळीस बदकं होती, सगळी अंड्यावरची. ब्रेबेस शहराच्या उत्तरेला, कोळंबीची तळी संपून समुद्र सुरू होतो त्या पट्ट्यात अशी बावीस कुंपणं एकाला एक लागून आहेत. तिचं शेवटून दुसरं. तैवानमध्ये सहा वर्षं एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करून परत आल्यावर तिने ते उभं केलं होतं. नवरा तोवर जकार्तात खाणावळीत रमला होता आणि तिथेच त्याने दुसरा संसार थाटला होता. मुलगी निस्वा आठ महिन्यांची असताना तुरिनी गेली आणि ती पावणेसात वर्षांची असताना परत आली. मधली सगळी वर्षं मुलगी मोठ्या बहिणीकडे, रसीतीकडे होती. रसीतीला ती ‘माक’ म्हणायची, म्हणजे आई. तुरिनीला ‘तैवानवाली मावशी’.

‘माक’ म्हणून हाक यायला चौदा महिने लागले. त्यानंतर दीड वर्ष ही बदकं दोघींचं पोट भरत होती.

आता सरोनी नावाचा एजंट दोनदा येऊन गेला होता. तैचुंगच्या त्याच घराला, त्याच म्हाताऱ्याच्या विधवेसाठी, तुरिनीच हवी होती. करार तीन वर्षांचा. वैद्यकीय तपासणी सोमवारी सकाळी आठला, शेजारच्या तेगल शहरात. “शनिवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही सांगा,” सरोनी म्हणाला होता. “नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. यादीत तुमच्यामागे नऊ बायका आहेत.”

बदकं अंडी देत राहिली तर तिला जायचं नव्हतं. हिशेब एवढाच होता.

बिघाड डिसेंबरात सुरू झाला. पश्चिमेचा वारा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, कोळंबी येत नाही, आणि कोळंबी सोलायची शेड बंद पडते. शेड बंद म्हणजे कोळंबीची डोकी बंद. इथली बदकं वर्षभर वाळवलेल्या शिळ्या भातात कोंडा आणि ही डोकी कालवून खातात. डोक्यांनी बलक शेंदरी होतो, डोक्यांच्या कवचाने अंड्याचं कवच टणक होतं. दरवर्षी दोनेक आठवड्यांचा खंड पडायचा. या वर्षी तो सहा आठवडे चालला. ज्यांनी वेळीच शिंपल्याचा चुरा भरून ठेवला ते तरले. तुरिनीने ठेवला नव्हता; तिचा हा दुसराच पश्चिमेचा वारा होता.

अंड्यांची कवचं पातळ झाली. काही तर कवचाविनाच पडू लागली, नुसती पापुद्र्यात गुंडाळलेली. निस्वाने एक उचलून दाबून पाहिलं होतं. “माक, हे अंडं नाही, फुगा आहे. ह्यात पाणी भरलंय.”

“ठेव खाली.”

“शाळेत नेऊ? कोणाकडेच नसेल असं.”

“नसलेलंच बरं,” तुरिनी म्हणाली होती.

अंडी जायची ती बू हाजींकडे; ‘बू’ म्हणजे बाई, आदराने. हाजी मस्कना पस्तीस वर्षं खारी अंडी बनवत होत्या. विटेची भुकटी, राख आणि मीठ यांच्या लगद्यात बारा दिवस अंडं मुरवायचं. त्याला केसाएवढी जरी चीर असली तरी ते आतून काळं पडतं आणि शेजारच्या दहांना वास लावतं. म्हणून बू हाजी प्रत्येक अंडं कानाने तपासत. एका तळहातात तीन अंडी घेऊन ती एकमेकांवर हलकेच वाजवायची. धडधाकट अंडं चिनी मातीच्या कपासारखं किणकिणतं; तडकलेलं खट्ट करतं, भेगाळलेल्या मडक्यासारखं. शंभरात दहाच्या वर खट्ट निघाली की ती खेप नापास. ओळीने तीन खेपा नापास झाल्या की बू हाजी दुसऱ्या कुंपणाकडे वळत. त्यात राग नसे, सूटही नसे.

गेल्या शुक्रवारी शंभरात एकवीस निघाली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शेजारच्या कुंपणातल्या दस्मानने तिला तालुक्याच्या दुकानातून मिनरल मिक्श्चर आणायला लावलं. दस्मान साठीचा होता आणि बदकांमध्येच वाढला होता. सगळे त्याला ‘कांग’ म्हणत, थोरला भाऊ मानून.

“मूठभर टाकायचं, रोज. आणि थांबायचं,” तो म्हणाला.

“किती दिवस, कांग?”

“आठ. दहा.”

“माझ्याकडे इतके दिवस कुठे आहेत?”

“बदकाला ते सांग. बदक तुझं कॅलेंडर बघून कवच घालत नाही.”

मंगळवारी दुसरी खेप गेली. शंभरात सतरा. बू हाजींनी खट्ट निघालेली अंडी वेगळ्या टोपलीत ठेवली, हात पुसले आणि म्हणाल्या, “तुर, दोन झाल्या. मला तुझं तोंड बघून अंडी घेता आली असती तर घेतली असती.”

त्या दिवशी सकाळी दहा वाजता ती घरी न जाता थेट तळ्यांकडे गेली. शिंपले उकळणाऱ्या बायकांकडे शिंपल्याचा ढीग असतो. तो आठवड्यापूर्वीच चुन्याच्या भट्टीवाल्याने उचलला होता. परत फिरताना एका कोळंबीच्या तळ्यावर राखणदाराच्या खोपटाबाहेर तिला अर्धं पोतं दिसलं. पोत्यावर निळ्या अक्षरांत छापलं होतं: चुनखडीची भुकटी, शेती व तळ्यांसाठी, न भाजलेली. खाली मिक्श्चरच्या पुडीवर असतो तसाच कॅल्शियमचा टक्काही होता.

तैवानमध्ये सहा वर्षं तिने औषधांच्या बाटल्यांवरचं, डब्यांवरचं, पिशव्यांवरचं वाचून काम केलं होतं. तिथे छापलेलं खरं असतं. एकदा तिने म्हाताऱ्याला दोन गोळ्यांऐवजी एकच दिली होती, कारण बाटलीवर एक लिहिलं होतं. डॉक्टर फोनवर काही का सांगेना. बाटली बरोबर निघाली आणि घरच्यांनी तिला नवे बूट घेऊन दिले होते.

“हे घेऊ का थोडं?” तिने राखणदार वरसिदला विचारलं.

वरसिद जाळं विणत होता. त्याने वर पाहिलं नाही. “घ्या की. भरतीने बांध फुटला तेव्हा आणलं होतं. उरलंय ते.”

तिने चार किलो घेतलं. दुपारी तीनला वाळवलेला भात नेहमीप्रमाणे उकळत्या पाण्यात भिजवला, कोंडा घातला, वरून भुकटी टाकली आणि फावड्याने कालवलं. खुराक गरम लागला. तो गरमच असतो.

बुधवारी सकाळी पावणेसहाला दस्मान आला तेव्हा ती पन्हळीत बादल्या ओतत होती. त्याने एक बदक उचललं, चोच उघडली आणि आत पाहिलं. जिभेवर पांढरे चट्टे होते, कडेने कातडी सुटली होती. मग तो खुराकाच्या टबाकडे गेला, तळाशी चिकटलेला एक गोळा बोटाने खरवडून त्याने जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकला.

“काय घातलंस?”

“चुनखडी. खातात ती.”

“कुठली?”

“वरसिदच्या तळ्यावरची. पोत्यावर लिहिलंय, कांग. न भाजलेली, असं स्पष्ट लिहिलंय.”

उरलेली भुकटी बदकांच्या शेडच्या आढ्याला पिशवीत टांगलेली होती. दस्मानने चिमूटभर घेऊन नारळाच्या करवंटीतल्या पाण्यात टाकली. पाणी सुरसुरलं, कडेने बुडबुडे आले, आणि करवंटी त्याच्या हातात गरम झाली. तो कळीचा चुना होता, भट्टीत भाजलेला. माती निर्जंतुक करायला तो रिकाम्या तळ्यात टाकतात.

“पोतं वाचलंस!” दस्मान म्हणाला. “अगं, इथे पोतं कोण वाचतं? माझ्या घरी तांदळाच्या पोत्यावर सिमेंट लिहिलंय. आम्ही सिमेंट खातो का? पोतं रिकामं झालं की जे असेल ते त्यात भरायचं, झालं. वरसिदला स्वतःच्या नावातली अक्षरं जुळवता येत नाहीत, तो पोत्यावरचं काय राखणार?”

तुरिनीने पुढची बादली पन्हळीत ओतली.

“किती घातलंस?”

“चार किलो. सगळं नाही, साडेतीन.”

“साडेतीन.” त्याने बदक खाली सोडलं. त्याचा आवाज उतरला. “बरं. टब मी धुतो. तू गुरांच्या डॉक्टरला फोन लाव.”

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. जुना खुराक कणभरही ठेवू नका. पाणी द्या, सतत, स्वच्छ. आणि कोणी सांगितलं तरी व्हिनेगर किंवा लिंबू पाजू नका, भाजलेल्या जागी आणखी भाजेल. तो स्वतः गुरुवारी येईल, आज सोंगोमच्या बाजूला शेळ्यांचं लसीकरण आहे.

तोवर रसीती आली होती. बातमी बांधावरून धावत गेली होती. तिने येताना दुचाकीवर वीस हिरवी शहाळी बांधून आणली. विषावर शहाळ्याचं पाणी, हे या किनाऱ्यावर जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

“डॉक्टर म्हणाला पाणीच द्या, यू,” तुरिनी म्हणाली. मोठ्या बहिणीला ती ‘यू’ म्हणे.

“शहाळ्यात काय दगड असतात? धर ते बदक.”

दोघी बसल्या. एकीने बदक मांडीत धरायचं, दुसरीने चोच उघडून पिचकारीने पाणी सोडायचं. आधी साधं, मग शहाळ्याचं. एका बदकाला दीड मिनिट. दोनशे एकोणतीस बदकं. सकाळी साडेसातला सुरू केलं ते दुपारी दोनला संपलं, आणि त्या वेळात आणखी आठ मेली. त्यातली दोन तुरिनीच्या मांडीत.

मध्येच कधीतरी रसीती म्हणाली, “जायची वेळ आलीच, तर निस्वा माझ्याकडे राहील. त्याची काळजी करू नकोस.”

“मी काळजी करतेय असं म्हटलं का?”

“नाही म्हटलंस. म्हणून मी म्हणतेय.”

“तिला तुझ्याकडे सवय आहे.” तुरिनीने पिचकारी भरली. “एक आठवडा लागेल. फार तर. मग ती मला पुन्हा मावशी म्हणेल.”

रसीती पुढचं बदक उचलायला वळली. तसंच होणार हे तिलाही दिसत होतं.

गुरुवारी डॉक्टर आला. त्याने सहा बदकं तपासली, टोचायचं होतं ते टोचलं, भाताची पेज पातळ करून द्यायला सांगितली. आदल्या दिवसापासून आणखी चार मेली होती, म्हणजे एकूण तेवीस. अंडी मिळाली एकवीस. “जगतील बहुतेक,” तो म्हणाला. “खातील कधी ते बघा. दोन-तीन दिवस बदक खाल्ल्यावाचून राहिलं की ते अंगातली अंडी बंद करतं आणि पिसं टाकायला लागतं. ती झडती लागली की मग अडीच-तीन महिने विसरायचं.”

“आणि ती लागली हे कळायचं कसं?”

“पंखातली लांब पिसं. छातीचा कापूस कायमच पडतो, तो मोजू नका. पंखातली पडायला लागली की समजा.”

शुक्रवारी सकाळी सहा अंडी होती. आणखी एक बदक गेलं होतं. बुधवारची त्रेसष्ट, गुरुवारची एकवीस आणि ही सहा, अशी नव्वद अंडी घेऊन तुरिनी आठ वाजता बू हाजींच्या ओसरीवर बसली. एरवी तीन दिवसांची चारशेच्या वर व्हायची. बू हाजींनी टोपलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पहिली तीन अंडी तळहातात घेतली.

किणकिण. पुढची तीन. किणकिण.

ओसरीवर लगदा मळणाऱ्या दोन बायका होत्या. त्यांचेही हात थांबले. नव्वद अंडी वाजवायला अकरा मिनिटं लागली. खट्ट निघाली चार.

“आता बोलली बघ अंडी!” बू हाजी म्हणाल्या. “कवच हाताला लागतंय. काय खायला घातलंस गं?”

सांगायचं नाही, असं ती घरून ठरवून आली होती. मिनरल मिक्श्चर एवढंच म्हणायचं. ते खोटंही नव्हतं. दस्मानचं तर तेच मत होतं. बुधवारची अंडी पाहून तो म्हणाला होता, मिक्श्चर लागू पडलंच होतं, मंगळवारी गप्प बसली असतीस तर शुक्रवारी पास होतीस. त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

“चुना,” ती म्हणाली. “कळीचा.”

लगदा मळणारी एक बाई हसली. “मग पानही द्यायचं होतंस, सुपारी लावून!”

बू हाजीही हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. “खरंच?”

तुरिनीने सगळं सांगितलं. पोतं, निळी अक्षरं, चोवीस बदकं. सांगताना ती रडली नाही; एखादी अंड्यांची खेप मोजून द्यावी तसं तिने ते सांगितलं.

बू हाजींनी हातातलं अंडं फिरवून पाहिलं. “ही अंडी चांगली आहेत. ही मी घेते. खेप पास.” त्यांनी अंडं टोपलीत ठेवलं. “पण मला रस्त्यावरच्या नऊ टपऱ्यांना शब्द द्यायचा असतो. मंगळवारी किती आणशील?”

“माहीत नाही, बू.”

“अंदाज?”

“सहा,” तुरिनी म्हणाली. “किंवा चारशे.”

“उद्या दुपारपर्यंत सांग. मला खोटा आकडा नको. नदीपलीकडचा एक माणूस रोज विचारतोय, त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.”

परत येताना तिने तांदळाचा बारीक कणा, गूळ आणि अर्धा किलो ताजा जवळा घेतला. त्या सकाळी वारा जरा पडला होता, दोन होड्या बाहेर जाऊन आल्या होत्या. जवळा तिने पाट्यावर वाटून पेजेत कालवला. बदकांनी वास घेतला, दोनचारांनी चोच लावली आणि मान झटकली. ती पेज संध्याकाळी तशीच आंबली. तिने ती फेकली, टब घासला आणि पुन्हा नवी केली.

त्या रात्री निस्वाने जेवताना विचारलं, “सोमवारी तू तेगलला जाणार आहेस?”

“कोण म्हणालं?”

“माक.” मग तिने जीभ चावली. “म्हणजे मोठी मावशी.”

तुरिनीने तिच्या ताटात भात वाढला. “अजून ठरलेलं नाही.”

“बदकं ठरवणार आहेत का?”

“हो.”

“मग त्यांना सांग ना.”

शनिवारी पहाटे दोन अंडी मिळाली. रात्रीत एकही बदक मेलं नव्हतं. दोनशे सोळा होती, तितकीच. पण पूर्वेच्या कोपऱ्यात, पन्हळीजवळ, पंखातली तीन लांब पिसं पडली होती. तुरिनीने ती उचलून खांबाच्या फटीत खोचली.

नऊ वाजेपर्यंत ती पाच झाली. दस्मान येऊन एकेक पीस बोटांत फिरवून बघत होता.

“हे आपटून तुटलंय, हे मोजू नको,” तो म्हणाला. “हे मात्र मुळापासून सुटलंय.”

“किती झाली म्हणजे झडती लागली म्हणायचं, कांग?”

“माझा बाप म्हणायचा, दोनशे बदकांत दिवसाला दहा. दहाच्या आत असेल तर भीतीनेही पडतात, भांडूनही पडतात.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मीही दहाच म्हणतो. मला दुसरं काय माहीत?”

अकरा वाजता आठ होती, तुटलेलं सोडून. तिने दोनदा मोजली आणि मग कुंपणाच्या चारही बाजूंनी फिरून, तुसात हात घालून शोधलं. एकही सुटू नये म्हणून. स्वतःच्या विरुद्ध पुरावा असा गोळा करणाऱ्या बाईला बाहेरून बघणाऱ्याने वेडी म्हटलं असतं. दस्मानने तिला थांबवलं नाही.

साडेअकराला तिने जवळ्याची पेज पुन्हा टबात ओतली आणि मागे सरकली. सुरुवातीला काही झालं नाही. मग एक जुनं तपकिरी बदक आलं, चोच बुडवली, मान झटकली आणि पुन्हा बुडवली. त्याने गिळलं. त्याच्यामागून आणखी आली. तिने मोजायला सुरुवात केली, पण ती एकमेकांना ढकलू लागल्यावर आकडा चुकला. चाळीस असतील, किंवा साठ. बाकीची दीडशे पन्हळीजवळच होती.

“खातायत,” दस्मान हलक्या आवाजात म्हणाला, जणू जोरात बोललं तर ती थांबतील.

तुरिनीने खिशातून फोन काढला. पडद्यावर सरोनीचे दोन चुकलेले कॉल होते आणि बू हाजींचा एक.

बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत तिने दोघांपैकी कोणालाही उत्तर दिलं नव्हतं. टब अर्धा रिकामा झाला होता. तुटलेलं सोडून खांबाच्या फटीत नऊ पिसं होती.